धार लागली की लगेच

थवीसाकला बायकोने बाजारातून कोथिंबीर, लसूण आणि ताडगूळ आणायला पाठवलं होतं. तो वस्तरा घेऊन आला.

असा अचानक वस्तरा घेऊन घरी येणारा नवरा निदान वाटेत एखादं कारण तरी जुळवून ठेवतो. थवीसाकने तेही केलं नव्हतं. (तेवढी पाच मिनिटं त्याने खर्च केली असती, तर पुढचं बरंच काही वाचलं असतं. पण ते यथावकाश येईलच.)

खरा दोष त्या म्हातारीचा. इथे थायलंडात, आमच्या फेचबुरीच्या नदीकाठी रविवारी जुना बाजार भरतो, तिथे ती चादर अंथरून बसली होती. बंद पडलेली घड्याळं, एकाच काडीचे चष्मे, झाकणं हरवलेल्या बरण्या, आणि मधोमध हा वस्तरा. शिंगाची पिवळट मूठ, पात्यावर पुसट झालेला मोर, आणि मोराच्या पिसाऱ्यावर गंज.

"याने काही कापलं जात नाही हं," म्हातारी प्रामाणिकपणे म्हणाली. "आधी दगडावर लावून धार काढावी लागेल. ते सगळ्यांना जमत नाही."

शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं. एखादी गोष्ट सगळ्यांना जमत नाही असं कळलं, की ती आपल्याला जमणारच अशी थवीसाकची पक्की खात्री होते. याच खात्रीपोटी त्याच्या घरामागे गाणाऱ्या कवडा पक्ष्यांचे तीन रिकामे पिंजरे टांगलेले आहेत (कवडे शेवटपर्यंत गायले नाहीत) आणि ऑर्किडच्या एकोणीस कुंड्या आहेत. त्यांत आता विलाई मिरच्या लावते.

विलाई म्हणजे त्याची बायको. ती शाळेत गणित शिकवते, त्यामुळे चिडली तरी ओरडत नाही. फक्त पुढची पायरी विचारते.

"कोथिंबीर?"

"राहिली."

"लसूण?"

"तिकडे फार गर्दी होती गं."

"बरं. मग हे काय?"

थवीसाक तोंड उघडणार, तेवढ्यात आतून त्याची आई बुनमा बाहेर आली. वय शहात्तर. कानाने कमी ऐकते, पण कामाचं तेवढं सगळं ऐकते.

"ओंग, वस्तरा कशाला रे आणलास?"

(ओंग म्हणजे पाण्याचा रांजण. लहानपणी तो तसा दिसायचा, म्हणून आईने ते नाव ठेवलं. अठ्ठेचाळीस वर्षांत ते बदलावं असं काही घडलं नाही.)

समोर दोन बायका, हातात वस्तरा, पिशवी रिकामी. थवीसाकच्या तोंडून निघून गेलं, "दीक्षेसाठी, आई. माझं मुंडन याच वस्तऱ्याने करायचं ठरवलंय. याला धार लागली की लगेच."

आईने हळूच खुर्ची ओढली आणि ती खाली बसली.

आता, हे वाक्य केवढ्याचं होतं ते सांगायला हवं. आमच्याकडे मुलगा विशीत आला की निदान पंधरा दिवस तरी विहारात जाऊन भिक्खू होतो आणि मग परत संसाराला लागतो. जाऊन आला तो पिकला, न गेलेला कच्चा. मुलाच्या चीवराचं टोक धरूनच आई स्वर्गात पोचते, असं आमच्या सगळ्या आया मानतात. बुनमाच्या तिन्ही बहिणींची अशी सोय कधीच झाली होती. बुनमाने थवीसाक वीस वर्षांचा असताना घेतलेली चीवरं मात्र अजून कपाटात डांबरगोळ्यांच्या वासात घडी घालून ठेवलेली होती. दर वर्षी ती त्यांना ऊन दाखवायची आणि परत ठेवून द्यायची.

थवीसाककडे दर वर्षी नवं कारण असे. आधी परीक्षा, मग नोकरी, मग लग्न, मग गुडघा. खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. भिक्खूला दुपारी बारानंतर जेवता येत नाही. थवीसाक पाच वाजता नदीकाठच्या गाडीवर दोन वाडगे नूडल्स खातो, सातला घरी जेवतो, आणि नऊला मोकेंगचा एक मोठा चौकोन खातो. (अंडी, नारळाचं दूध आणि ताडगूळ घालून भाजलेला. झोप नीट लागावी म्हणून.) दुपारी बारानंतरच्या दिवसाचं खाण्यावाचून आणखी काय करायचं असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

"धार लागली की लगेच?" आईने विचारलं.

"लगेच."

"बुद्धाकडे बघून सांग."

त्याने भिंतीवरच्या मूर्तीकडे बघून सांगितलं. विलाईने पिशवी उचलली आणि ती स्वतःच कोथिंबीर आणायला गेली.

त्याला वाटलं होतं, आई आठवड्याभरात विसरेल. पण दुसऱ्या दिवशी तो मागच्या पडवीत बसला, तेव्हा दगड भिजवायला पाण्याचं भांडं आईनेच आणून दिलं. शेजारी पाट टाकून ती बसली. आणि ते मग रोजचंच झालं.

इथे थवीसाकची मोठी पंचाईत होती, ती नीट लक्षात घ्या. वस्तऱ्याला धार लागली, तर जाहीर केल्याप्रमाणे संध्याकाळचं जेवण बंद. नाही लागली, तर ही गोष्ट सगळ्यांना जमत नाही असं म्हणणारी म्हातारी खरी ठरणार. पोट एक म्हणत होतं आणि अभिमान दुसरं. शेवटी अभिमान जिंकला, कारण वस्तरा लावायची वेळ तो नेहमी जेवणानंतर ठरवायचा.

त्याने मोबाईलवर सत्तावीस व्हिडिओ पाहिले. खडबडीत, मध्यम आणि गुळगुळीत असे तीन दगड आणले. पातं दगडावर सपाट ठेवायचं, कणा (म्हणजे पात्याची जाड कड) उचलायचा नाही, हलक्या हाताने पुढे न्यायचं, उलटवायचं, मागे आणायचं. बघायला फार सोपं. थवीसाकने पहिल्याच दिवशी चारशे वेळा केलं. मोर गेला. पिसाराही गेला. गंज तेवढा राहिला.

"लागली का धार?" आई विचारायची.

"लागत आलीय."

धार तपासायची रीत अशी, की हातावरचा केस पात्याने सहज उडायला हवा. मुळात थवीसाकच्या हातावर केस मोजकेच. डावा हात तीन दिवसांत संपला, आणि तोही धारेने नव्हे, उपटून. मग उजवा हात, मग दोन्ही पिंढऱ्या. यापेक्षा कडक परीक्षा म्हणजे एक लांब केस हवेत धरायचा आणि त्याला पातं नुसतं टेकवायचं. केस आपोआप तुटला पाहिजे. लांब केस घरात एकाच व्यक्तीकडे होते, म्हणून तो रोज सकाळी विलाईच्या कंगव्यातले केस गोळा करून पाकिटात ठेवू लागला.

पाकीट विलाईला सापडलं.

"माझे केस तुम्ही पाकिटात का भरताय?"

"प्रयोगासाठी."

"माझ्या मामेबहिणीच्या नवऱ्यानेही असे केस जमवले होते. वशीकरणवाल्याकडे न्यायला." तिने पाकीट मिटून त्याला परत दिलं. "लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर नवरा मला वश करायला धडपडत असेल, तर माझी काही तक्रार नाही. पण ते नाही ना?"

"नाही."

"वाटलंच," विलाई म्हणाली आणि पेपर तपासायला बसली.

दगडानंतर पातं चामड्याच्या पट्ट्यावर घासायचं असतं. पट्टा म्हणून त्याने आपला कमरेचा घेतला, तोही नगरपालिकेच्या खाकी गणवेशाचा. एका टोकाला गेलं की पातं कण्यावर उलटवायचं. थवीसाकने ते धारेवर उलटवलं आणि पट्टा निम्म्याहून जास्त चिरला. सोमवारी सकाळी आठ वाजता झेंड्यासमोर पाणीपट्टी विभागातले सगळे हात सरळ ठेवून राष्ट्रगीत म्हणत होते. दुसऱ्या ओळीला थवीसाकने छाती भरून श्वास घेतला आणि पट्टा तुटला. उरलेलं गीत त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवून म्हटलं. नंतर साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, की त्याला प्रशासनाबद्दल काही नाराजी आहे का.

मग मात्र तो छलेमकाकांकडे गेला. छलेमकाका गेली पन्नास वर्षं विहाराच्या गल्लीत लोकांची दाढी करतात. त्यांनी वस्तरा उजेडात धरला आणि पात्यावर अंगठा फिरवला.

"पोलाद चांगलं आहे," ते म्हणाले. "तू याला वजन देतोस. अरे, वस्तरा आहे हा. पाट्यावर मिरची वाटतोयस का? ठेव इथे, संध्याकाळी लावून देतो."

"नको काका. माझं मीच लावणार."

"कशाला उगाच? अर्ध्या तासाचं काम."

"तत्त्वाचा प्रश्न आहे," थवीसाक म्हणाला आणि वस्तरा खिशात घालून निघाला. घरी येऊन हे सगळं त्याने आईला मोठ्या तोंडाने सांगितलं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं.

त्या शुक्रवारी दुपारी आई छत्री आणि भाजीची टोपली घेऊन एकटीच बाहेर गेली. उन्हात ती सहसा बाहेर पडत नाही. छलेमच्या बायकोचा गुडघा दुखतोय, बघून येते, म्हणाली. परत येताना तिने थवीसाकला आवडतो तो मोकेंग आणला, चांगला दोन चौकोन. आई आज खुशीत आहे एवढंच त्याच्या लक्षात आलं. मोकेंग खाऊन तो झोपला आणि त्या दिवशी दगड काढायचा राहून गेला.

शनिवारी सकाळी तो दात घासून आरशासमोर उभा होता. डाव्या भुवईत एक लांब पांढरा केस कधीपासून उगवला होता. वस्तरा समोरच फळीवर होता. तीन आठवड्यांत ज्याने कागदसुद्धा कापला नाही, त्याला आता घाबरायचं कशाला? थवीसाकने वस्तरा उघडला, त्या केसावर पातं टेकवलं आणि जरासं ओढलं.

पांढरा केस बेसिनमध्ये पडला. त्याच्या सोबतीला अर्धी भुवईही पडली.

काही म्हणजे काही कळलं नाही, दुखलं नाही, खरचटलं नाही. थवीसाकने आरशात पाहिलं, मग बेसिनमध्ये पाहिलं. आणि (हे त्याच्या स्वभावाला धरूनच झालं) भुवई गेल्याचं दुःख व्हायच्या आधी त्याला प्रचंड आनंद झाला.

"लागली!" तो ओरडला. "धार लागली!"

"लागली?" दाराबाहेरून लगेच आईचा आवाज आला. जणू ती तिथेच उभी होती.

थवीसाकचा आनंद तिथल्या तिथे विझला. पण बोललेलं परत घेता येत नव्हतं, आणि अर्धी भुवईही परत लावता येत नव्हती. अर्ध्या भुवईने ऑफिसात गेलं तर प्रत्येक जण विचारणार. त्याने डावी पुरती काढली. मग उजवी एकटीच विचित्र दिसू लागली, तिलाही काढली. पातं लोण्यातून जावं तसं गेलं. आणि मग त्याला आठवलं, की आमच्याकडे भुवया नसलेला पुरुष म्हणजे एकच. भिक्खू डोक्याबरोबर भुवयाही काढतात.

तो मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेला. विलाई भात वाढत होती. तिने वर पाहिलं, मग पुन्हा भाताकडे पाहिलं.

"काजळाची पेन्सिल कुठेय?" त्याने हळू आवाजात विचारलं.

"बसा," ती म्हणाली आणि पेन्सिल घेऊन आली. "कशा काढू? मला दोनच प्रकार येतात. रागावलेल्या आणि दचकलेल्या."

"साध्या काढ."

"साध्या आधी होत्या," विलाई म्हणाली आणि दचकलेल्या काढल्या.

एवढ्यात समोरून आईची हाक आली. सकाळचे भिक्खू भिक्षेला दारात आले होते. आई अनवाणी उभी होती, हातात भाताचं भांडं, आणि तिच्यासमोर साक्षात विहाराचे प्रमुख लुआंग पो. वय ऐंशी, कमी बोलणारे, कुणाच्याही तोंडाकडे फार वेळ न बघणारे. आज मात्र ते बघत राहिले. एप्रिलचं ऊन, त्यात भीती. घाम कपाळावरून ओघळला आणि दोन्ही भुवया हळूहळू गालांवर उतरल्या.

"लुआंग पो," आई म्हणाली, "माझा ओंग दीक्षा घेतोय. त्याला एवढी घाई झालीय, की त्याने स्वतःच सुरुवात केलीय."

लुआंग पोंनी भिक्षापात्र सावरलं. "बहुतेक लोक डोक्यापासून सुरू करतात," ते म्हणाले.

थवीसाक खरं सांगणार होता. तोंडही उघडलं होतं. पण त्याने आईकडे पाहिलं. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून तसंच वाहू देत होती. अठ्ठावीस वर्षांत तिला इतकं खूश त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या पोटात तुटलं. (थोडं भुकेनेही असेल, पण बहुतेक नाही.) त्याने तोंड मिटलं आणि हात जोडले.

"गुरुवारचा दिवस चांगला आहे," लुआंग पो म्हणाले. आईने ते आधीच विचारून ठेवलं असेल, अशी शंका थवीसाकला तेव्हा आली नाही.

मधल्या चार दिवसांत दोन गोष्टी झाल्या. एक, थवीसाक रोज संध्याकाळी पुढच्या पंधरा दिवसांचं जेवून घेऊ लागला. दोन, धार इतकी छान लागली आहे, तर अजून छान का नको, म्हणून त्याने वस्तरा आणखी बाराशे वेळा दगडावर घासला. दीक्षा तर दीक्षा, पण आपल्या हातच्या धारेने मुंडन होणार याचा त्याला आतून फार अभिमान होता. ऑफिसात पाणीपट्टी विभागाने त्याला चीवराखालचा पंचा भेट दिला, आणि साहेब म्हणाले, "त्या सोमवारीच मला कळायला हवं होतं, की तुमचं मन संसारात नाही."

गुरुवारी विहाराच्या अंगणात तो पांढरं नेसून बसला. मांडीवर कमळाचं पान. आईने पहिली बट कापली, पानावर ठेवली आणि पान दोन्ही हातांनी धरून बसून राहिली. मग विलाईने कापली. (जरा मोठीच कापली.) मग मावश्यांनी. मग थवीसाकने वाकून वस्तरा लुआंग पोंच्या पुढे केला.

लुआंग पोंनी तो डोक्यावर टेकवला आणि ओढला. थवीसाकच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मावश्या गहिवरल्या. लुआंग पोंनी दुसऱ्यांदा ओढला, तेव्हा थवीसाकच्या तोंडून बारीक आवाज आला आणि सगळ्यात धाकटी मावशी रडायलाच लागली.

लुआंग पो थांबले. "कुणी लावलाय हा?"

"मीच, लुआंग पो," थवीसाक अश्रू गाळत म्हणाला.

मागे बसलेल्या छलेमकाकांनी पुढे सरकून वस्तरा हातात घेतला. अंगठा फिरवला. त्यांचा चेहरा पडला. "असं कसं झालं? गेल्या शुक्रवारी मी लावून दिला, तेव्हा तर..."

आई खोकली. काका गप्प झाले. पण उशीर झाला होता.

"गेल्या शुक्रवारी?" थवीसाक वळला. शुक्रवार, छत्री, भाजीची टोपली, दोन चौकोन मोकेंग, आणि शनिवारची सकाळ. एकेक गोष्ट ओळीने त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "आई, तू काकांकडे गुडघा बघायला गेली होतीस ना?"

"बघितला ना गुडघा," आई म्हणाली. "बरा आहे आता."

"आणि वस्तरा?"

आईने कमळाच्या पानावरून नजर उचलली नाही. "तू म्हणाला होतास, धार लागली की लगेच. कुणी लावायची, ते तू म्हणाला नव्हतास."

थवीसाकला राग यायला हवा होता. आलाही, पण टिकला नाही. आईने हातातल्या पानावरचा एकही केस खाली पडू दिला नव्हता. हिला आणखी किती वर्षं ताटकळत ठेवणार होतो आपण, आणि कशासाठी, तर दोन वाडगे नूडल्ससाठी? त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने मुकाट्याने मान पुढे केली.

"चालू द्या, लुआंग पो."

लुआंग पोंनी पिशवीत हात घालून गुलाबी प्लास्टिकचा, एकदा वापरून टाकून द्यायचा रेझर काढला. डोकं पाच मिनिटांत झालं. मग त्यांनी भुवयांच्या जागी अंगठा फिरवला. आधी डावीकडे, मग उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

"इथलं काम मात्र सुंदर झालंय," ते म्हणाले. "कुठे ओरखडासुद्धा नाही."

महिन्याभरात थवीसाकच्या हस्तकौशल्याची झालेली ही पहिलीच स्तुती. तो विनयाने मान झुकवणार, तेवढ्यात बाजूला बसलेल्या छलेमकाकांनी हात जोडले.

"आपली कृपा, लुआंग पो," ते म्हणाले. "धार माझी होती."